आधी तार, मग लाकूड

बाबू, गिटार स्वतःच्या हाताने बनवायची ठरवली आहेस, तर पहिल्याच दिवशी लाकडाच्या वखारीत जाऊ नकोस. आधी एक तार ताण. घरातली कुठलीही सरळ फळी घे, तिच्यावर ६४८ मिलिमीटर अंतर ठेवून दोन आडव्या पट्ट्या चिकटव, टोकांना दोन स्क्रू मार आणि गिटारची एक तार त्यावरून ओढून बांध. मोकळी छेड. मग बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर, बोट नुसतं टेकवून छेड. तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येईल. त्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तुझी गिटार. बॉडीचा आकार, रंग, चकचकीत खुंट्या, हे सगळं ते अंतर सांभाळण्यासाठी असतं. तू मला मोबाइलवर दाखवलेली सगळी चित्रं आकाराची होती. आकार शेवटी ठरव.

हे माझ्या मनचं नाही. विजेवरच्या गिटारचा सगळा इतिहास तारेपासून सुरू होतो. १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्पने मांडीवर आडवी ठेवून वाजवायची जी गिटार घडवली, तिची बॉडी इतकी लहान आणि गोल होती की लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. १९४० च्या सुमारास लेस पॉलने चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवले. लोकांना ती गिटार वाटावी म्हणून दुसऱ्या एका गिटारचे कापलेले पंख दोन्ही अंगांना लावले. वाजत होता तो ठोकळाच. लिओ फेंडर तर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवताही येत नव्हती. त्याने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला बसतो. खराब झाला की काढा, दुसरा लावा. खाणीच्या वर्कशॉपात मोटारी उघडून वाइंड करण्यात माझी उमर गेली, म्हणून मला त्याची ही रीत फार पटते. तुझी पहिली गिटार तशीच चार स्क्रूंची कर. नेक चिकटवून केलेली गिटार दिसायला देखणी, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

तू भजनाला पेटीवर बसतोस म्हणून पट्टीच्या हिशेबाने सांगतो. गिटारच्या सहा तारा जाड बाजूकडून अशा लागतात: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा पांढरी तीन, दोन सप्तकं वर. पेटीसारखीच गिटारही सप्तकाच्या बारा समान भागांत बांधलेली असते. सतारीचं तसं नाही. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, राग बदलला की वादक ते सरकवून घेतो. मिरजेचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तानपुरे घडवत आले आहेत, २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे शेवटचा निवाडा कानाचा. गिटारचा पडदा मात्र एकदा लाकडात ठोकला की ठोकला. म्हणून इथे आधी गणित, कान मागाहून.

गणित अवघड नाही. ६४८ ला १७.८१७ ने भागलं की ३६.३७ येतात. नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या आडव्या पट्टीपासून, तेवढ्या मिलिमीटरवर पहिला पडदा. उरले ६११.६३, त्यांना पुन्हा १७.८१७ ने भाग, ३४.३३ आले. म्हणजे दुसरा पडदा नटपासून ७०.७० वर. असं करत गेलास की बारावा पडदा बरोबर ३२४ वर आला पाहिजे, नाही आला तर वजाबाकी तपास. सोळाव्या शतकात गॅलिलिओच्या वडिलांनी, व्हिन्सेन्झो गॅलिलींनी, १८ ने भागायचा नियम सांगितला होता. ते स्वतः ल्यूट वाजवत, आणि आतड्याच्या तारांच्या त्या वाद्यावर तो नियम चालून गेला. पोलादी तारेवर चालत नाही. १८ ने भागलंस तर बारावा पडदा ३२१.६ च्या आसपास पडतो आणि तिथला स्वर उतरलेला लागतो.

खुणा करताना प्रत्येक पडदा नटपासूनच मोज. मागच्या पडद्यापासून पुढचा मोजत गेलास, तर प्रत्येक वेळची बारीकशी चूक पुढे सरकत साठत जाते आणि बाराव्याला पोचेपर्यंत ती कानाला कळते. खूण पेन्सिलीने करू नको, पेन्सिलीच्या रेषेलाच अर्धा मिलिमीटर जाडी असते. धारदार सुरीने चीर पाड आणि पोलादी पट्टी वापर. पडद्याच्या खाचेसाठी ०.६ मिलिमीटरच्या आसपास काप देणारी बारीक दातांची करवत लागते. आपल्या सुताराकडची नेहमीची करवत याच्या दुपटीने रुंद कापते, मग पडदा खाचेत धरतच नाही.

खाचा पाडायचा धीर होत नसेल तर नेकवर बसवायची तयार खाचांची पडद्यांची फळी विकत मिळते, ती खुशाल घे. त्यात काही कमीपणा नाही. फक्त हातात आल्यावर मोज. फेंडरचं माप साडेपंचवीस इंच, म्हणजे आपले ६४८ मिलिमीटर. गिब्सनचं पावणेपंचवीस, म्हणजे ६२८ च्या जवळपास. फळी एका मापाची आणि ब्रिज, म्हणजे बॉडीवरची पट्टी, दुसऱ्या मापाला बसवला, तर कुठल्याही खुंटीने ती गिटार सुरात यायची नाही.

आता कागद. मोठा, पूर्ण आकाराचा, दोन तुकडे जोडलेस तरी चालेल. त्यावर सर्वांत आधी एक मधली रेघ मार. नटची रेघ, ब्रिजची रेघ, बारावा पडदा. नटवर दोन टोकांच्या तारांमध्ये साधारण ३५ मिलिमीटर, ब्रिजवर ५२ च्या आसपास. या दोन तारा काढल्या की नेकची रुंदी आपोआप दिसते, दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर सोडायचे. मग पिकअपच्या जागा, मग बॉडी. बॉडीचा आकार पुठ्ठ्यात कापून मांडीवर घेऊन बस, दर्पणात बघ, हात कुठे टेकतो ते बघ. पट्ट्याचं वरचं बटण बाराव्या पडद्याच्या समोर येईल इतकं वरचं शिंग पुढे काढ. ते फार मागे राहिलं तर गिटार गळ्यात घातल्याबरोबर डोकं खाली घालते आणि वाजवणाऱ्याचा डावा हात वाजवण्याऐवजी वजन धरण्यात गुंततो.

लाकडाचं बोलू. परदेशी पुस्तकांत अ‍ॅश, अ‍ॅल्डर, मॅपल, महोगनी अशी नावं असतात. ती मिळाली नाहीत म्हणून खट्टू होऊ नकोस. आपल्याकडे फणस आहे. वीणा, मृदंग यांना फणसाचंच लाकूड लागतं. नव्याने तासलं की हळदी रंगाचं असतं, वर्षांनी काळपट तपकिरी होतं, रंध्याखाली नीट येतं. बॉडीला मी फणसच सांगेन. नेकला जुना सागवान, उभ्या रेषांचा. आंबा स्वस्त आणि हलका, पण त्याला कीड लवकर लागते, घेतलास तर बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजून वाळवल्याशिवाय हात लावू नको. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची करत आले. तो कातायला लोण्यासारखा, पण इतका मऊ की त्यात स्क्रूची पकड राहत नाही. गिटारला तो नको.

पडद्यांच्या फळीसाठी शिसव उत्तम. जगभरातल्या गिटारी आपल्या पश्चिम घाटातल्या शिसवीवर पडदे ठोकून घेतात. पण तिची खरेदी पावतीवाल्या दुकानातूनच कर. २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात आल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. घरामागचं झाड पाडायचा विचार तर मनातसुद्धा आणू नको. गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. आणि ओल्या लाकडाला जाडीच्या इंचाला एक वर्ष वाळवण धरायचं, एवढा थांबणार आहेस का? आपल्या घुमटाचंच बघ. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झालं, लोकांनी बकऱ्याचं चढवलं, आणि २०१९ साली तेच घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. साहित्य बदललं तरी ताल राहिला.

तुझ्यासाठी सर्वांत चांगलं लाकूड मोडलेल्या घरात आहे. डिचोली, साखळी, पेडणे, कुठेही चिऱ्याचं जुनं घर पाडत असतील तिथे जाऊन उभा राहा. वासे, तुळया, दाराच्या चौकटी, मोडका पलंग. त्या लाकडाने पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले असतात, त्याला जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं. ब्रायन मेचं नाव तू मला सांगतोस, 'क्वीन'चा गिटारवाला. त्याने १९६३ साली, शाळेत असताना, वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. नेक केला तो घराघरांत भिंतीतल्या चुलाण्यावर असते तशा एका जुन्या महोगनीच्या फळीतून. किड्यांनी पाडलेली भोकं त्याने आगकाड्यांनी बुजवली. स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या, पडद्यांमधल्या खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या. ती गिटार तो आजही वाजवतो. आणि त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, शाळेतल्या बँडमध्ये पियानोवर बसायचा. जग इतकं जवळ आहे.

जुन्या वाशाला करवत लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरव. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर चुंबक सांगतो, नाहीतर रंध्याचं पातं सांगतं. चिऱ्याच्या भिंतीत गाडलेली टोकं हातभर कापून टाक, वाळवी आणि ओल तिथूनच शिरते. नखाने दाबून बघ, ठोकून आवाज ऐक, भुसा पडत असेल तर सोडून दे. वासा अरुंद असेल तर दोन-तीन तुकडे जोडून साडेतीनशे मिलिमीटर रुंदी कर. सांध्याच्या दोन्ही कडा रंधून एकमेकींवर ठेव आणि दिव्यासमोर धर, मधून उजेड दिसता कामा नये. सागवान तेलकट असतो, गोंद लावायच्या आधी थिनरने पुसून लगेच चिकटव. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी सोड. आणि सागवान असो की शिसव, घासताना तोंडाला मास्क हवाच. त्यांचा भुसा छातीला आणि कातडीला दोन्हीला बाधतो.

पुढची गोष्ट कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडायची नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गिटारचं काम त्याच्या पंचांगाने करावं लागतं. पावसात लाकूड पाणी पितं, उन्हाळ्यात सोडतं. म्हणून चवथ होईपर्यंत नुसता कागद, माप आणि भंगारातली शोधाशोध. खंडेनवमीला हत्यारं पूजायला काढशील तेव्हा पटाश्यांना धार लाव. पेडण्याची पुनव झाली, हवा कोरडी झाली, की लाकडाला हात घाल. नेक आणि बॉडी मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठे ठेवून ओबडधोबड काप आणि मग ते घरात, भिंतीला न टेकवता, पट्ट्यांवर ठेवून दे. कापल्यावर लाकडातला ताण सुटतो आणि ते थोडं वळतं. शिगम्यापर्यंत वळून झालं की शेवटचं माप घे. पाणी मोजायचं मीटर मिळालं तर लाकडात ते दहा-बारा टक्क्यांच्या आत हवं. पॉलिश शिरगावच्या लईराईच्या जत्रेच्या आत आटप. पावसाळी हवेत लॅकर मारलं तर ते वाळताना पांढुरकं होतं, लाखेच्या पॉलिशलाही तीच खोड. एक वर्षात एक गिटार, याहून घाई गोव्यात करू नये.

नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी सळी, घाल. सहा तारा सुरात लावल्या की मिळून ४६ किलोच्या आसपास ओढ लावतात. ती ओढ एवढ्याशा लाकडाने रात्रंदिवस सोसायची, त्यात मधूनच आषाढ. दोन्हीकडे फिरणारा रॉड घे, सहा मिलिमीटर रुंदीची खाच बरोबर मधल्या रेघेवर पाड. राउटर एका फेरीत तीन-चार मिलिमीटरहून खोल घालू नको. बॉडीची बाहेरची कड कापताना राउटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरव आणि शिंगांच्या वळणावर हात हळू कर, तिथे लाकूड टवका देतं. नेकची जाडी पहिल्या पडद्याशी २१, बाराव्याशी २३ मिलिमीटर ही सुरुवातीला बरी. मग कानस आणि घासकागद घेऊन तुझ्या हाताला पटेल तसा गोल कर.

बॉडीतली नेकची खाच १६ मिलिमीटर खोल. नेक तिच्यात दाबून बसला पाहिजे, इतका घट्ट की बॉडी उचलली तर नेकसकट वर यावी. त्यानंतर लगेच ब्रिजची भोकं पाडू नको. मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी घे, नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या दोन टोकांपर्यंत ताण आणि दोन्ही दोऱ्या फळीच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते शेवटच्या पडद्यापाशी मोज. सारख्या आल्या की मगच ड्रिल. ब्रिजवरच्या सर्वांत बारीक तारेचा सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, जवळजवळ पूर्ण पुढे आणून ६४८ वर ठेव. तार दाबली की ताणून थोडी चढते, ते भरून काढायला सॅडल मागे न्यावा लागतो, जाड तारेचा चार-पाच मिलिमीटर. मागे जायला जागा राखलीस तर पुढे सगळं जुळवता येतं.

पिकअपवर मी जास्त बोलणार, कारण ते माझं काम. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेची गुंडाळी. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवलं ते हेच. मोटारीत आपण वीज देऊन फिरणं काढतो, इथे हलण्यातून वीज काढतो.

तार घेताना सांभाळ. पुस्तकात लिहिलेली ४२ नंबरची तार अमेरिकन मापाची, जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्या वाइंडिंगच्या दुकानांत ब्रिटिश माप चालतं. तिथे जाऊन ४२ नंबर मागितलास तर ०.१० मिलिमीटरची मिळेल, बॉबिन निम्म्यावरच भरेल आणि आवाज क्षीण येईल. ४६ नंबर माग, ती जवळपास जुळते. सिलिंग फॅनला आपण ३६ नंबर वापरतो, त्यावरून ही किती बारीक ते समज. श्वास जोरात सोडला तरी हलते. तिच्यावर काम करताना पंखा बंद ठेव, तार दिसायला खाली पांढरा कागद घाल.

साध्या एका गुंडाळीच्या पिकअपला साडेसात-आठ हजार वेढे लागतात. हिशेब केलास तर एका पिकअपमध्ये एक किलोमीटरहून जास्त तार जाते. माझं हाताने फिरवायचं वाइंडिंगचं यंत्र मी तुला देतो. वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. फिरत्या चाकाला एक छोटं चुंबक चिकटव, समोर रीड स्विच लाव आणि त्याची दोन टोकं कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' या बटणाच्या दोन बाजूंना डाग. 'एक अधिक एक' दाबून ठेवलंस की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. तार दोन बोटांत वुलनच्या तुकड्यातून धर. ताण इतकाच की वेढा सैल पडू नये. तुटली तर घाबरायचं कारण नाही, टोकांवरचं एनॅमल काढ, डाग दे, बारीक टेप लाव आणि पुढे चल. शेवटी मीटरवर सहा हजार ओहमच्या आसपास दाखवलं की काम जमलं. काहीच दाखवत नसेल तर तार आत कुठे तुटली आहे, फारच कमी दाखवत असेल तर वेढे आतल्या आत चिकटले आहेत.

नंतर मेणात बुडव, नाहीतर मोठ्या आवाजात वेढेच थरथरतात आणि पिकअप किंचाळतो. चार भाग पॅराफिन, एक भाग मधाच्या पोळ्याचं मेण. मोठ्या टोपात पाणी, त्यात मेणाचा डबा, आणि थर्मामीटरवर ६० ते ६५ अंश. त्याच्या वर गेलं तर बॉबिन मऊ पडतं. मेण थेट आचेवर कधीही ठेवायचं नाही, ते पेट घेतं. बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढ.

एका गुंडाळीचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती गुणगुण मारली. तू दोन पिकअप करणार असशील तर दुसऱ्याचे वेढे उलट दिशेने घाल आणि चुंबकही उलटा बसव. दोन्ही एकत्र चालू केले की तोच फायदा मिळतो. पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटव, तिचे सांधे डाग देऊन जोड आणि ती अर्थला ने. साध्या पिकअपला २५० किलोओहमचे पॉट, दुहेरीला ५००. डाग देताना रोझिनचा फ्लक्स वापर. पत्र्याचं काम करणाऱ्यांचा आम्लाचा फ्लक्स वायर खाऊन टाकतो. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला २५ वॉटचं सोल्डरिंग पुरत नाही, ५०-६० वॉटचं घे आणि काम पटकन उरक. ब्रिजखाली एक वायर नेऊन तारांना अर्थशी जोडायची असते. आवाज शांत होतो तो त्यामुळेच.

आणि इथेच मी तुला बजावून सांगतो. ती वायर जोडलीस की तुझी बोटं अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थशी जोडली गेली. अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग बिघडलेलं असेल, किंवा समोरच्या माइकचं, तर एका हातात तारा आणि ओठ माइकला लागले की वीज तुझ्यातून जाते. १९७२ साली वेल्समध्ये 'स्टोन द क्रोज' या बँडचा लेस हार्वी असाच मंचावर, प्रेक्षकांसमोर गेला. वय सत्तावीस. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन कापायची नाही, दोन-पिनी सॉकेटात जुगाड करून घालायचा नाही. तुमच्या जुन्या घराच्या वायरिंगमध्ये आधी मीटर लाव. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य आलं पाहिजे. तसं येत नसेल तर गिटार नंतर, आधी अर्थिंग. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. त्याचा खर्च तुझ्या खुंट्यांपेक्षा जास्त होणार नाही, आणि झाला तरी कर. जत्रेच्या किंवा शिगम्याच्या मंचावर जनरेटरवर वाजवायला गेलास तर तारांना हात लावायच्या आधी टेस्टर माइकच्या जाळीला लावून बघ. ओल्या जमिनीवर अनवाणी वाजवू नको. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कुणी दुरुस्तीला दिला तर उघडू नको. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट राहू शकतात.

पॉलिश तुझ्या आवडीचं. मी बॉडीला लाख सांगेन, नेकला नुसतं तेल आणि मेण, म्हणजे घामट हात अडकत नाही. फळीवरच्या खुणांसाठी डिचोलीच्या कांसारांकडे पितळेची बारीक सळी मिळते, तिचे तुकडे पाडून बसवलेस तर सुरेख दिसतील.

सगळं जोडल्यावर लगेच तारा खाली आणायची घाई नको. आधी पडदे एका पातळीत आण. काचेच्या दुकानातून आठ मिलिमीटर जाड काचेची पट्टी घे, तिला घासकागद चिकटव, पडद्यांवर मार्करची शाई फिरव आणि सगळ्यांवरची शाई सारखी जाईपर्यंत हलक्या हाताने घास. मग तारा चढव. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून सातव्यापाशी तार आणि पडद्यातलं अंतर बघ, ०.२ ते ०.२५ मिलिमीटर हवं. त्यासाठी वेगळं हत्यार नको, मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायची फिलर गेज असते तीच चालते. रॉड एका वेळी पाव फेरी, आणि दुसऱ्या दिवशी परत मोज. बाराव्या पडद्यावर बारीक तारेखाली दीड मिलिमीटरच्या किंचित वर, जाड तारेखाली दोन. त्यानंतर प्रत्येक तार बाराव्यावर नुसतं बोट टेकवून आणि मग दाबून वाजव. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे, उतरता लागला तर पुढे.

हरमलच्या बाजूला वाजवायला जाणार असशील तर खारी हवा तारा आणि स्क्रू आठवड्यात गंजवते. प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पूस, पेटीत सिलिकाची पुडी ठेव आणि मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवून किनाऱ्यावर जाऊ नको, उन्हाने गोंद सुटतो. पहिल्या पावसाळ्यात नेक हलणारच. एक वही कर. तारीख, तारांचा नंबर, सातव्याचं आणि बाराव्याचं अंतर, रॉड किती आणि कुठल्या बाजूला फिरवला, पिकअपचे वेढे आणि ओहम, सगळं त्यात लिही. मिरगाला एकदा मोज, चवथीला एकदा, दिवाळीला एकदा. दोन वर्षांनी दुसरी गिटार करशील तेव्हा नेकला किती जाडी ठेवायची ते ती वही सांगेल. वाइंडिंगचं यंत्र न्यायला येशील तेव्हा भावजींची गाडी घेऊन ये, बसमधून ते नेता येणार नाही. तारेचं एक अर्धं रीळ माझ्याकडे पडलं आहे, तेही ने.